पाळण्यातल्या बाटल्या

माझी बायको रुख्मिणी गेल्याचं मला गुरुवारी कळलं. १९६८ सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मी नागपूरहून येऊन सकाळी शेगावला उतरलो, तर फलाटावर माझा मेहुणा मोतीराम उभा. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"तू काऊन आला?" मी विचारलं.

त्याने माझ्या हातातली लाकडी पेटी घेतली. "आक्का राह्यली नाई, भाऊजी. काल सांजीले माती केली. लय वाट पायली तुमची. नागपुरले तारबी केली होती."

तार मला मिळाली नव्हती. नंतर कळलं की मी कामाला गेलो होतो त्या कॉलेजच्या कचेरीत ती टेबलावर पडून होती.

मोटारीत बसल्यावर मी विचारलं, "कवा गेली?"

"काल दुपारी पंचफुलाबाईले दिसली. बकरी पाण्यासाठी ओरडून राह्यली होती, म्हून ती आत गेली."

"दिसली ते नाई विचारत. गेली कवा?"

मोतीराम खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "काल सकाळीच गेली असन. तुम्ही असते तरी काय केलं असतं?"

त्याला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी चिखलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. मॅट्रिकला दोनदा बसलो, पास झालो नाही. घर अमडापूरला, येणं-जाणं मोटारीने. आमचे सोळंके सर डॉक्टरेटसाठी काम करत होते. काम असं होतं. पिठातल्या सत्त्वावर एक जातीचे जंतू सोडले की त्यातून एक साखर तयार होते. तिचं नाव सायक्लोडेक्स्ट्रिन. तिचा एक एक कण म्हणजे साखरेच्या सात मण्यांचं कडं. काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसून राहतात, पोटात गेली तरी तशीच. पण पाण्यात ही साखर असली, तर औषधाचा कण त्या कड्याच्या आत जाऊन बसतो आणि पाण्यात उतरतो. किती साखरेत किती औषध उतरतं, ते सरांना मोजायचं होतं. औषध सल्फाचं होतं.

ज्वारीचं सत्त्व रुख्मिणीनेच काढून दिलं. सरांनी पुस्तकातली रीत सांगितली, ती ऐकून ती मला म्हणाली, "हे तं कुरडयाच्या चिकासारखंच हाये. तीन दिस भिजवा, वाटा, गाळा, वरचं पाणी टाका. याच्यासाठी येवढं मोठं पुस्तक कायले लागते?" सरांना मी हे सांगितलं. ते खूप हसले आणि तेव्हापासून घरी आले की तिला 'बाई' म्हणायचे.

औषध, साखर आणि पाणी बाटलीत घालून बूच बसवायचं आणि बाटली आठ दिवस हलवत ठेवायची, एवढंच पुढचं काम. पण हलवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. शिवाय प्रयोगशाळेवर पत्रा. दुपारी तापायची, पहाटे गार व्हायची, आणि उष्णता बदलली की मोजमाप चुकतं. आमच्या माजघराच्या भिंती दीड हात मातीच्या. मी तिथे तापमापक टांगून पाहिला, दिवसभरात दोन अंशांचाही फरक पडेना. सर म्हणाले, मग बाटल्या घरीच घेऊन जा.

घरात पाळणा होता. माझ्या सासूने दिलेला. त्यात आमचं लेकरू सव्वा महिना झोपलं. नंतर तो माळ्यावर होता. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून तो टांगायचीच माझी हिंमत झाली नव्हती. रुख्मिणीनेच काढला. म्हणाली, "बाटल्या ठेवल्या म्हंजे रिकामा कोठी राह्यला?" दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ती दाणे निवडायची, कपडे शिवायची आणि पाळणा चालू असायचा. दिवसाकाठी दहा तास.

गल्लीतल्या बायांना विषय झाला. पंचफुला तोंडाची फटकळ, शेजारच्याच घरातली. ती दारातून म्हणाली, "काय वं रुख्मे, लेकराले दूध पाजलं का?"

"पाजलं. तुह्या लेकरांपरीस बरी हायेत," रुख्मिणी म्हणाली. "रडत नाईत, मुतत नाईत, अन् मोठी झाल्यावर बायकोचं आयकनार नाईत."

पंचफुला हसत हसत उंबऱ्यावरच बसली. पुढे तीच कधीकधी दोरी ओढायची.

पहिल्या वेळी आम्ही एकसारख्या आठ बाटल्या ठेवल्या आणि रोज एक उघडली. पहिल्या दिवशी किती औषध उतरलं, दुसऱ्या दिवशी किती, असं आठव्या दिवसापर्यंत. पुढे नागपूरला मोजमाप झाल्यावर त्याचा आलेख मी स्वतः काढला. रेघ चढत जाते आणि सातव्या-आठव्या दिवशी आडवी होते. एक बाटली न हलवता कोनाड्यात ठेवली होती. तिच्यातही औषध उतरत होतं, पण अगदी थोडं थोडं. तीही रेघ मी खाली काढली.

त्यानंतर सात बाटल्यांचा दुसरा संच केला, प्रत्येकीत साखर वेगळी, एकापेक्षा दुसरीत जास्त. तो शनिवारी सकाळी पाळण्यात ठेवला. रविवारी मला आधीचे नमुने घेऊन नागपूरला जायचं होतं. तिथल्या कॉलेजात रंग मोजायचं यंत्र होतं. आधी औषधाला गुलाबी रंग आणायचा, मग तो किती गडद ते यंत्र सांगतं.

शनिवारी जेवताना रुख्मिणी म्हणाली, "अवो, छातीत चमक निघून राह्यली."

मी म्हणालो, "वायू असन. ओवा खाय."

तिने ओवा खाल्ला. रविवारी निघताना मी म्हणालो, "मंगळवारी सांजीले येतो. बाटल्या थांबू देजो नको." हे माझे तिच्याशी शेवटचे शब्द.

घरी पोचलो तर बाया बसलेल्या होत्या. पंचफुला भाऊबीजेला धामणगाव बढ्याला माहेरी गेली होती, ती बुधवारीच परतली होती. बाकीची गल्ली कापूस वेचायला सकाळी जाई ती दिवे लागल्यावर येई. त्यामुळे रुख्मिणीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पंचफुलाने सांगितलं, ती खांबाला टेकून बसलेली होती, अंगठ्याला दोरी तशीच.

"अंग लाकडावानी झालं होतं, शालिग्रामभाऊ."

आंघोळ घालणारी भिमाबाई म्हणाली, "नाई वं. हात मऊच होते. म्या सोता सरळ केले."

चूल थंड होती. टोपल्यात दीड भाकर होती, ती कोणत्या दिवसाची ते न पाहता बकरीला घातली गेली. रविवार, सोमवार, मंगळवार की बुधवारची सकाळ, काहीच ठरत नव्हतं.

भटजींनी तिथी विचारली. मोतीराम बोटांवर वार मोजू लागला. मग ते म्हणाले, "तिथी ठाऊक नसली तर कळलं तो दिवस धरतात. बुधवारची नवमी धरा."

मी म्हणालो, "मले गुरुवारी कळलं."

"घरात कळलं तो दिवस," ते म्हणाले, आणि नवमी ठरली.

लोकांना दहावा करण्यापुरती तिथी हवी होती, ती मिळाली. मला का हवी होती, ते मी कोणाला सांगितलं नाही. इथे लिहितो.

नागपूरचं काम मंगळवारी दहा वाजताच संपलं होतं. लगेचची गाडी घेतली असती, तर दिवेलागणीच्या सुमारास मी घरी असतो. पण यंत्रावरचे गुलाबराव म्हणून गृहस्थ होते, ते म्हणाले, "आजचा दिवस राहा. उद्या यंत्र मोकळं आहे, तुम्ही स्वतः चालवून पाहा." अठरा वर्षांच्या नोकरीत मी भांडी धुतली, बाटल्या भरल्या, पण यंत्राला हात लाव असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी राहिलो. बुधवारी सकाळी मी काच बसवली, खटका फिरवला, काटा हलला. आकडा मी वाचला आणि माझ्या हाताने लिहिला. मला फार आनंद झाला होता. घरी आल्यावर मी सांगितलं की यंत्र बिघडलं होतं.

ती मंगळवारी संध्याकाळच्या आधी गेली असेल, तर मी आलो असतो तरी ती भेटली नसती. ती त्यानंतर गेली असेल, तर मी यंत्र चालवायला राहिलो म्हणून ती एकटी गेली. मला एवढंच पाहिजे होतं, की हे की ते.

चौथ्या दिवशी दुपारी भिंतीला टेकून बसलो होतो. समोर कोनाड्यात सात बाटल्या होत्या. पंचफुलाने त्या पाळण्यातून काढून तिथे लावल्या होत्या. तळाशी पांढरं औषध बसलेलं दिसत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कोणाला ठाऊक नाही ते या बाटल्यांत आहे. रुख्मिणी जोवर दोरी ओढत होती तोवर औषध उतरत होतं. ती थांबली, तेही थांबलं. एक बाटली उघडायची, उतरलेलं औषध मोजायचं, स्थिर राहिलेल्या दिवसांचं थोडंसं वजा करायचं आणि माझ्या आलेखावर पाहायचं. दीड दिवस निघाला तर ती रविवारी गेली. चार दिवस निघाले तर मंगळवारी रात्री, मी नागपुरात थांबलो असताना.

सुतकात कॉलेजला जाता येत नव्हतं. तेरावा झाला की जायचं ठरवलं. तोवर मी त्या कोनाड्यासमोर बसून राहिलो. सासू सत्यभामाबाई आल्या होत्या. एकदा त्या कोनाडा पुसायला गेल्या.

"हात लावू नोका!" मी ओरडलो.

त्यांच्या हातातलं फडकं पडलं. "बरं बापा, नाई लावत," म्हणाल्या. मोतीराम आईला हळूच म्हणाला, "भाऊजीचं डोकं ठिकानावर नाई. राहू दे."

पाळणा तसाच टांगलेला होता, रिकामा. कोणी काढला नव्हता. दुपारी घर शांत असताना मला कडीचा आवाज यायचा. वळून पाहिलं की पाळणा स्थिर असायचा. मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पाळणा काढला असता.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. पाऊण तास झाला. ऊन चढलं.

"तिची काही वासना राहिली असेल," भटजी म्हणाले. "आठवा."

मोतीराम पुढे झाला. "आक्का, भाऊजीले अंतर देनार नाई म्या." कावळे हलले नाहीत.

भिमाबाई म्हणाली, "बकरी इकनार नाई वं बाई, सुखानं जाय." काही नाही.

माझ्याकडे सगळे पाहू लागले. मी पुढे झालो आणि मनात म्हणालो, मी खोटं बोललो, यंत्र बिघडलं नव्हतं. मोठ्याने म्हणालो, "चुकलं असन ते माफ कर." कावळे तिथेच.

मग सत्यभामाबाई वाकल्या आणि त्यांनी वाळूवर हात टेकला. "माय रुख्मे," त्या म्हणाल्या, "तुह्या बाटल्या अर्ध्या राह्यल्या ना वं? म्या पुऱ्या करतो. तुह्यासारखीच दोरी बांधतो. सातच्या सात बाटल्या, आठ दिस. आता जाय."

त्या दोन पावलंही मागे सरल्या नसतील, तोच कावळा उतरला.

लोकांनी हात जोडले. पंचफुला रडायला लागली. मी नुसता उभा होतो. बाटल्या पुन्हा हलल्या की औषध पुरं उतरणार, आणि ती कधी थांबली हे मग कोणालाच कळणार नाही. नाही म्हणावं, तर तिच्या आईने तिला दिलेला शब्द मी मोडणार, तोही कावळा शिवल्यावर.

नदीवरून सगळ्यांच्या आधी मी घरी आलो. कोनाड्यातली चार नंबरची बाटली काढली. आलेख त्याच प्रमाणाच्या बाटल्यांवर काढलेला होता, त्यामुळे दिवस सांगू शकणारी तेवढी एकच होती. ती धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

संध्याकाळी सत्यभामाबाईंनी बाटल्या पाळण्यात मांडल्या. दोनदा मोजल्या.

"सात होत्या ना, जवाईबापू?"

"एक फुटली," मी म्हणालो.

त्यांनी सातव्या बाटलीच्या जागेवर हात ठेवला. "म्या तं सात म्हनून बसली," एवढंच म्हणाल्या आणि अंगठ्याला दोरी बांधली.

सहा बाटल्यांनी पाळणा एका अंगाला झुकायचा. प्रत्येक झोक्याला त्याचा कोपरा भिंतीला लागायचा. टक. मग कडीचा आवाज. मग टक. दोरी ओढायची त्यांची लय रुख्मिणीसारखीच होती. लेकीने आईकडूनच घेतलेली असणार. तेरावा झाला, मी कामावर जायला लागलो. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज यायचा आणि पाय आपोआप उचलायचे. दारात आलो की आत पांढऱ्या केसांची बाई दिसायची.

"पाळना एका अंगाले काऊन जाते, जवाईबापू?" त्यांनी एकदा विचारलं.

"वजन सारखं नाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "सातवी पायजे होती."

आठ दिवस झाले. सहा बाटल्या मी कॉलेजला नेल्या. पाळणा सोडून मोतीरामने माळ्यावर टाकला. सत्यभामाबाई गावी गेल्या. पण आवाज गेला नाही. कॉलेजात भर दुपारी मी परीक्षानळ्या धुत असलो की मागे टक व्हायचं. पत्रा तापला की वाजतो, ते मला ठाऊक आहे. पण पत्रा वाजल्यावर मागून कडी वाजत नाही.

सहा बाटल्यांचं मोजमाप सर स्वतः नागपूरला जाऊन करून आले. सहाही बिंदू एका रेघेत बसले. सर खूश होते. मग म्हणाले, "शालिग्राम, चार नंबरची कुठं आहे?"

"फुटली, सर."

"पुन्हा करू म्हटलं तर साखर संपली. असू दे. बाई असत्या तर..." आणि त्यांनी वही मिटली.

मी धीर करून विचारलं, "सर, बाटली न हलवता ठेवली तर पुरं औषध उतरायला किती दिवस लागतात?"

"त्या तुझ्या खालच्या रेघेवरून चार महिने म्हणू. स्थिर ठेवली तरी उशिरानं ती तिथंच पोचते. का रे?"

"सहज विचारलं."

चार महिने म्हणजे होळीपर्यंत. तोवर वजाबाकी करून दिवस काढता आला असता. त्यानंतर बाटलीतला आकडा पुरा आठ दिवसांचा येणार, रुख्मिणी कधीही थांबलेली असो. बाटली मी कॉलेजात माझ्या कपाटात आणून ठेवली होती. रोज सकाळी सर यायच्या आधी ती काढायचो. बुचाला हात लावायचो. उघडून, गाळून, रंग आणून साध्या डोळ्यांनीसुद्धा मला अंदाज आला असता. एवढं काम मला येतं. दीड दिवस निघाला तर मी सुटणार होतो. चार दिवस निघाले तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी ती परत ठेवायचो. कधी वाटायचं, ही घरी न्यावी, पाळणा काढावा, आठ दिवस हलवावी आणि आईने दिलेला शब्द पुरा करावा. पण मग उत्तर गेलं. म्हणून तेही केलं नाही.

संक्रांत गेली. शिवरात्र गेली. होळीच्या दिवशी कॉलेजला सुटी होती, तरी मी चिखलीला गेलो, कपाट उघडलं, बाटली हातात घेतली. तळाचं पांढरं आधीपेक्षा कमी झालेलं दिसत होतं. मागे कडी वाजली. मी वळलो नाही. बाटली जागेवर ठेवली, कुलूप लावलं आणि परत आलो.

या दिवाळीनंतरच्या नवमीला वर्षश्राद्ध झालं. सत्यभामाबाई आल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी माळ्याकडे पाहिलं आणि भांडी आवरायला घेतली. सरांचा प्रबंध आता टंकलेखनाला गेला आहे. त्यातल्या तक्त्यात चार नंबरची ओळ कोरी आहे.

चार नंबरची बाटली मोजायची राहिली आहे, आणि हलवायचीही राहिली आहे.